‘स्वल्प ॲडजस्ट माडी’, पण कोणी?

‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण आपल्याला तोंडपाठ असते. तरीही दुकानात पाऊल टाकलं की मोह पडतो तो एकात दोन असलेल्या वस्तूंचाच. सोफा-कम-बेड हे त्याचं घरोघरचं उदाहरण. दिवसा बसायला जावं तर पाठ नीट टेकत नाही आणि रात्री आडवं व्हावं तर मधली फट नेमकी कमरेखाली येते. एका खरेदीत दोन वस्तू झाल्या म्हणून आपण खूश असतो. कंबर मात्र रोज थोडी थोडी किंमत भरत असते.

सध्या हाच मोह लॅपटॉपच्या दुकानात मांडून ठेवलेला दिसतो. बारावी होऊन कॉलेजला निघालेल्या मुलामुलींच्या तोंडी ‘टू-इन-वन’ हा शब्द असतो. उघडला की लॅपटॉप, स्क्रीन पाठीमागे दुमडली की बोटांनी चालणारी पाटी. अभ्यासाला कीबोर्ड, आकृत्या काढायला पेन, आजीला कीर्तन बघायला टॅबलेट. आईवडील हिशेब करत उभे असतात. साध्या लॅपटॉपपेक्षा याला जास्त पैसे घालायचे की नाही?

याचं उत्तर जाहिरातीत सापडत नाही. ही वस्तू घडवताना घडवणाऱ्यांना घाम कुठे फुटला, ते कळलं की उत्तर आपोआप मिळतं. ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’ हे वाक्य आपल्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, तो याच मंत्राच्या जोरावर. एका यंत्रात दोन कामं बसवायची म्हणजे बाकावर चौथा माणूस बसवायचाच प्रकार. कुणाला तरी सरकावं लागतंच. प्रश्न एवढाच, की सरकायचं कोणी? यंत्राने की माणसाने?

ही कल्पना आजकालची नाही. १९६८ साली, संगणक कपाटाएवढे असत तेव्हा, अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात शिकणाऱ्या ॲलन के या तरुणाच्या डोक्यात आलं, की मुलांना वहीसारखा बरोबर बाळगता येईल असा संगणक हवा. असं यंत्र बनवणं त्या काळी शक्यच नव्हतं. म्हणून त्याने पुठ्ठ्याचा नमुना केला आणि त्यात शिशाच्या गोळ्या भरून बघितल्या. कशासाठी? हातात घेऊन वावरायचं तर ही वस्तू किती हलकी असायला हवी, हे कळावं म्हणून. त्याचं उत्तर आलं दोन पौंडांपेक्षा कमी, म्हणजे साधारण ९०० ग्रॅमच्या आत. पुढे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात असताना, १९७२ साली, त्याने या कल्पनेवर एक लेख लिहिला. त्या संगणकाचं नाव ‘डायनाबुक’. तो त्या रूपात कधीच बाजारात आला नाही, पण पुढच्या पन्नास वर्षांच्या डिझायनरांना त्याने कामाला लावलं.

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक म्हणजे त्याने आधी हाताचं माप घेतलं, यंत्राचं नंतर. दुसरी म्हणजे त्याने पेन आणि कीबोर्ड दोन्ही ठेवले. संगणकाला हस्ताक्षर अगदी बिनचूक वाचता आलं, तरी भराभर मजकूर लिहायला कीबोर्डच बरा आणि रेघोट्या, आकृत्या, खुणा करायला पेनच बरं, हे त्याला तेव्हाच दिसलं होतं. टू-इन-वनची गरज खरी आहे ती एवढ्यासाठीच.

मग घोडं अडलं कुठे? ते समजायला स्वयंपाकघरात डोकवावं लागेल.

आपली विळी बघा. कानडीत तिला ईळिगे म्हणतात. एकात दोन असूनही उपाशी न राहिलेली ही वस्तू. पात्यावर भाजी चिरायची आणि टोकाच्या खवणीवर नारळ खवायचा. दोन्ही कामं चोख. याचं रहस्य पात्यात नाही, पाटात आहे. नारळाची वाटी खवणीवर दाबली की विळी कलंडू बघते. पाटावर ठेवलेला आपला पाय तिला जागेवर धरून ठेवतो. घडीची विळी असेल तर आणखी एक अट येते. पातं उभं केल्यावर तिचा सांधा घट्ट बसायला हवा. सांधा ढिला झाला की बोट कापलंच म्हणून समजा.

साधा लॅपटॉप म्हणजे अशीच घडीची विळी. बॅटरी, मुख्य बोर्ड, पंखा असं सगळं जड सामान कीबोर्डखाली असतं आणि वरची स्क्रीन हलकी असते. शिंपल्यासारखं मिटणारं हे रूप रूढ केलं ते १९८२ साली आलेल्या ‘ग्रिड कंपास’ने. त्याचे डिझायनर होते बिल मॉग्रिज. या रूपात बिजागरीला फार काम नसतं. हलकं झाकण धरून ठेवायचं, बस्स.

पण त्याच स्क्रीनवर बोट टेकवा. दार ढकलताना बिजागरीजवळ हात लावला तर जोर लागतो आणि कडीजवळ लावला तर दार सहज सरकतं. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात टिचकी मारणं म्हणजे कडीजवळ दार ढकलणं. स्क्रीन मागे जाते, थरथरते, कधी सगळा लॅपटॉपच मागे कलतो. मग बिजागरी घट्ट करावी म्हटलं, तर लॅपटॉप उघडताना खालचा भाग वर उचलला जातो आणि एका हाताने तो दाबून धरावा लागतो. ढिली ठेवावी तर टिचकीला टिकत नाही. या दोन टोकांच्या मधली नेमकी घट्टाई साधायची आणि ती वर्षानुवर्षं तशीच राखायची. दिवसाला दहा वेळा उघडझाप धरली तरी पाच वर्षांत ती १८,२५० वेळा होते. उद्यमबागेत मशीनवर काम करणाऱ्या वाचकांना यातली गोम वेगळी सांगायला नको. घासणारा भाग झिजतोच. झिजूनही त्याची पकड बदलू नये, इथे कारागिरीचा कस लागतो. शिवाय स्क्रीनकडे जाणारी वायर याच बिजागरीतून जाते, म्हणजे प्रत्येक घडीबरोबर तीही वाकते.

या कोड्यावर आजवर तीन तोडगे निघाले.

पहिला तोडगा फिरकीचा. स्क्रीन मधोमध एकाच खुंटावर बसवायची, ती अर्धी फिरवायची आणि उताणी करून कीबोर्डवर झाकायची. त्याआधी १९९३ साली ग्रिड कंपनीने स्क्रीन कीबोर्डवर सरकवून झाकण्याचा प्रयोग केला होता. फिरकीला चांगले दिवस आले ते २००२ साली, मायक्रोसॉफ्टने ‘टॅबलेट पीसी’ आणला तेव्हा. पाच वर्षांत अमेरिकेत हाच प्रकार सर्वाधिक खपेल, असं भाकीत बिल गेट्स यांनी २००१ सालच्या नोव्हेंबरमध्ये केलं होतं. ते खोटं ठरलं. का ठरलं, ते आता ओळखता येईल. बहुतेक यंत्रांचं वजन दीड ते दोन किलोच्या आसपास होतं. दोन किलो साखर एका हातावर तोलून दुसऱ्या हाताने अर्धा तास लिहून बघा. एकाच खुंटावरची स्क्रीन डुगडुगायची. आणि आतलं विंडोज मुळात माऊससाठी केलेलं होतं. माऊसच्या बाणाचं टोक सुईएवढं, बोटाचं टोक शेंगदाण्याएवढं. सुईच्या मापाची बटणं शेंगदाण्याने कशी दाबणार? त्या यंत्रांत बोटाला मज्जावच होता, खास पेनच लागायचं. थोडक्यात, ॲडजस्ट सगळं माणसाने करायचं होतं. माणसाने नकार दिला.

२०१० साली ॲपलचा आयपॅड आला. त्याचं वजन होतं ६८० ग्रॅम, म्हणजे ॲलन केच्या शिशाच्या गोळ्यांच्या मापात बसणारं. त्याला कीबोर्ड नव्हता, बिजागरी नव्हती, म्हणून तिची डोकेदुखीही नव्हती. त्याच वर्षी स्टीव्ह जॉब्स यांनी सांगितलं, की उभ्या स्क्रीनला हात लावण्याचे प्रयोग त्यांनी केले होते, पण थोड्या वेळात हात भरून येतो, म्हणून तो मार्ग बाद. २०१२ साली टिम कुक यांनी तर टॅबलेट आणि लॅपटॉप एकत्र करण्याची तुलना टोस्टर आणि फ्रिज एकत्र करण्याशी केली. आपल्या म्हणीची ही जणू अमेरिकन आवृत्ती.

पण त्याच वर्षी दुसरा तोडगा बाजारात आला. लेनोवो कंपनीने एक लॅपटॉप आणला, ज्याची स्क्रीन पूर्ण ३६० अंशांत फिरून पाठीमागे चिकटायची. नाव दिलं ‘योगा’. यात फिरकी नव्हती. दोन्ही कडांना दोन बिजागऱ्या होत्या, त्यामुळे डुगडुग कमी झाली. शिवाय तंबूसारखा उभा करून सिनेमा बघा, कीबोर्ड खाली पालथा घालून स्क्रीन पुढे घ्या, अशा मधल्या अवस्थाही मिळाल्या. लॅपटॉप आणि टॅबलेट या दोन घरांच्या मधल्या ओसरीवर बसायचीही सोय झाली म्हणा. दोन वर्षांनी, २०१४ साली, याच मालिकेतल्या एका लॅपटॉपला घड्याळाच्या पट्ट्यासारखी बिजागरी आली. तिच्यात अॅल्युमिनियम आणि पोलादाचे ८१३ सुटे भाग होते. एका बिजागरीपायी एवढा खटाटोप!

अडचण उरलीच, पण जागा बदलून. पाठीमागे दुमडल्यावर कीबोर्ड हाताच्या बोटांखाली येतो. म्हणून आत संवेदक बसवावे लागतात. स्क्रीन किती फिरली ते ओळखून ते कीबोर्ड बंद करतात. काही लॅपटॉपांत तर घडी घालताना बटणांभोवतीची चौकट वर येऊन बटणं सपाट होतात आणि तिथेच अडकून राहतात. हातात धरायच्या वस्तूची पाठ तापूनही चालत नाही. २०१४ साली इंटेलने पंख्याशिवाय चालू शकणारे ‘कोअर एम’ प्रोसेसर आणले ते अशाच सडपातळ यंत्रांसाठी. इथे यंत्र सरकू लागलं होतं.

तिसरा तोडगा काडीमोडाचा. स्क्रीन काढूनच घ्यायची. पण सुटी स्क्रीन स्वतः चालायची तर मेंदू आणि बॅटरी तिच्यातच हवी, म्हणजे वजन वर गेलं. पाट हलका आणि पातं जड अशी विळी उलटणारच. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली ‘सरफेस बुक’मध्ये यावर तोड काढली. मोठी बॅटरी खाली कीबोर्डमध्ये ठेवली आणि बिजागरी अशी केली, की उघडताना ती उलगडत मागे पसरायची आणि बैठक लांब व्हायची. पाट मागे वाढवावा तसं. स्क्रीन सोडवायला बटण दाबलं की खास धातूची बारीक तार विजेने तापून आखडायची आणि कुलूप सुटायचं. बदल्यात मिटल्यावर बिजागरीपाशी फट राहायची, म्हणून काहींनी नाकं मुरडली. पण स्क्रीन हातात घेतली की वजन पाऊण किलोच्या आत. कुठे तडजोड करायची आणि कुठे नाही, याचा हा चोख हिशेब होता. आज ते मॉडेल बनत नाही, तरी शिकण्यासारखं खूप आहे.

हे सगळं श्रीमंतांच्या दुकानातलं झालं. आपल्या जवळचीही दोन उदाहरणं आहेत.

‘एक मूल, एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा हिरवा-पांढरा ‘एक्सओ’ लॅपटॉप २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या एका एकशिक्षकी शाळेत आला होता. त्याची स्क्रीन फिरकीवर उलटी होऊन पुस्तकासारखी वाचता यायची. बोटांनी ती चालत नसे, पण भर उन्हात काळ्या-पांढऱ्या रूपात स्वच्छ दिसायची. कीबोर्ड रबराचा, सलग, धूळ आत जाऊ न देणारा. लॅपटॉप मिटला की दोन ‘कान’ खाली येऊन वायरींची तोंडं झाकायचे. शंभर डॉलरला द्यायचं स्वप्न पुरं झालं नाही. पण ऊन, धूळ आणि लहान हात यांना ॲडजस्ट व्हायचं काम तिथे यंत्राकडे होतं, मुलांकडे नव्हतं.

दुसरं बेंगळुरूचं. भारतीय विज्ञान संस्थेतले काही शास्त्रज्ञ आणि एन्कोअर सॉफ्टवेअर या कंपनीतली मंडळी यांनी मिळून १९९९ साली ‘सिंप्युटर ट्रस्ट’ स्थापन केला. तळहातावर मावणारा, पेनने चालणारा, भारतीय भाषांतला मजकूर वाचून दाखवणारा संगणक त्यांनी आखला. एकच यंत्र अनेकांना वापरता यावं म्हणून स्मार्ट कार्डची सोय केली. २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीने त्यातला ‘अमिडा’ बाजारात आला. अपेक्षेइतका तो खपला नाही. पण ज्याला टाइप करता येत नाही, वाचता येत नाही, त्याच्यासाठी यंत्राने काय करावं, हा प्रश्न त्यांनी आयफोनच्या आधी विचारला होता.

हाच प्रश्न आपल्या दोन भाषांच्या घरांत रोज उभा असतो. बाजारातल्या लॅपटॉपच्या बटणांवर अक्षरं इंग्रजी. मूल कानडी निबंध टाइप करायला बसतं किंवा मामाला मराठीत पत्र लिहायला बसतं, तेव्हा इंग्रजी स्पेलिंगच्या आडवाटेने जातं. ॲडजस्ट तेच करतं. टचस्क्रीनचं मोल इथे कळतं. काचेवरचा कीबोर्ड छापलेला नसतो, चितारलेला असतो. एका स्पर्शात तो देवनागरी होतो, दुसऱ्या स्पर्शात कन्नड. त्यात आणखी एक गंमत आहे. सरकारने १९८६ साली ठरवलेल्या ‘इनस्क्रिप्ट’ मांडणीत ‘क’ जिथे मराठीत, तिथेच तो कानडीत. हीच गोष्ट इतर अक्षरांची. मुलाने काचेवर अक्षरं बघून जागा ओळखीच्या केल्या, की न बघता तीच बोटं खऱ्या कीबोर्डवर दोन्ही लिप्या लिहू शकतात. एकदा शिकायचं, दोनदा वापरायचं. आणि पेन असेल तर मांडणीचाही प्रश्न नाही. अनुस्वार कुठे आणि ऒत्तक्षर कुठे, हे हाताला माहीत असतंच.

म्हणजे आपल्यासारख्या घरांना टू-इन-वन हा निव्वळ चोचला नाही. पण निवडताना दुकानात पाच मिनिटं जास्त काढा. स्क्रीन नेहमीच्या कोनात उघडून वरच्या कोपऱ्यात टिचकी मारा. लगेच थांबते की डोलत राहते, ते बघा. एका बोटाने झाकण उघडा. खालचा भाग वर उचलला जाता कामा नये. मग टॅबलेट करून डाव्या हातात धरा आणि दुकानदाराशी बोलत राहा. बोलणं संपायच्या आत खांदा बोलू लागला, तर घरी तो टॅबलेट म्हणून वापरला जाणार नाही हे नक्की. पेन मिळत असेल तर तळहात काचेवर टेकवून लिहा. आपण कागदावर लिहितो तसंच. पेन चालू असताना तळहाताकडे यंत्राने दुर्लक्ष करायला हवं. रेघोट्या उमटल्या तर हात हवेत धरून लिहावं लागेल. भाषा बदलून मराठी आणि कानडी दोन्ही कीबोर्ड उघडून बघा. शेवटी बिजागरी बिघडली तर दुरुस्ती इथे होते की यंत्र बाहेरगावी पाठवावं लागतं, आणि ती वॉरंटीत धरतात का, हे विचारून घ्या. हलणारा भाग आधी थकतो, हा नियम माणसाला आहे तसाच यंत्रालाही.

आणि मुलाला नुसता हिशेब, कोडिंग आणि प्रोजेक्टच करायचे असतील, तर साधा चांगला लॅपटॉप घ्या आणि वाचलेल्या पैशात त्याला जास्त मेमरी घाला. न वापरलेली सोय ही सर्वांत महागडी सोय.

दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो तो दोन घरं असतात म्हणून नाही. प्रत्येक घर म्हणतं, तो तिकडे जेवला असेल, म्हणून राहतो. आपल्या मुलांकडे बघा. अंगणात कानडी, माजघरात मराठी, आणि दोन्हीकडे पोटभर. कारण कुणीतरी दोन्ही घरांत त्यांच्यासाठी ताट वाढून ठेवलेलं असतं. यंत्र घडवणाऱ्यांनीही तसंच ताट वाढलं आहे का, एवढं बघून घ्या. तसं असेल, तर पैसे घालायला हरकत नाही.